आप्पांची कूस

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की घर एक होतं, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने हे घर पाहिलेलं नसणार. या घराचे दोन भाग होते, आणि ते खुद्द आप्पांनी पाडले होते. आप्पा मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात दुसऱ्यांच्या जमिनीत साखळ्या ओढण्यात आणि हद्दीचे दगड रोवण्यात गेली. भावाभावांचे तंटे ते असे मिटवत की दोघंही सारखेच नाराज होऊन घरी जात, आणि आप्पांच्या मते न्याय म्हणतात तो हाच. पुढे स्वतःचीच दोन मुलं एकमेकांशी बोलेनाशी झाली, तेव्हा आप्पांनी टेप काढली आणि घर मधोमध कापलं. उजवीकडचं दार थोरल्याचं, डावीकडचं धाकट्याचं. मधली खोली तेवढी सामायिक. त्या खोलीत आप्पा आणि त्यांची बायको, म्हणजे घराची आई.

आणि मग एका सकाळी आप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचाही गेली. हॉस्पिटलातून परत आले ते लोखंडी खाटेवर, त्याच मधल्या खोलीत. मागच्या भिंतीला ओल होती म्हणून खाट थोडी पुढे ओढलेली. आता आप्पा स्वतःच हद्दीचा दगड झाले होते, आणि दगडाचं तोंड कुणाकडे, यावर घर पेटलं होतं.

हे सगळं सिस्टरना कुणी आधी सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणजे दिवसभरासाठी ठेवलेल्या नर्सबाई. सकाळी यायच्या, संध्याकाळी जायच्या. अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून. त्यांना एकच गर्व होता आणि तो त्या लपवत नसत: त्यांच्या हाताखालच्या एकाही पेशंटच्या पाठीला जखम झालेली नव्हती. पडून राहिलेल्या माणसाची कूस वेळच्या वेळी बदलली नाही तर हाडाखालची कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि एकदा फुटली की ती जखम माणसालाच खाते. त्यामुळे आल्या दिवशीच त्यांनी दोन्ही सुनांना समोर उभं करून सांगितलं की आप्पा थोडा वेळ डाव्या कुशीवर, थोडा वेळ पाठीवर, थोडा वेळ उजव्या कुशीवर राहतील. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. उजव्या अंगाला दाब कळत नाही, म्हणून त्या कुशीवर कमी वेळ.

बस. एवढंच बोलल्या बिचाऱ्या. पण उजव्या कुशीवर वळवलं की आप्पांचं तोंड थोरल्याच्या दाराकडे होत होतं.

थोरल्या सुनेने सरळ नवऱ्यालाच बोलावून आणलं. थोरले एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि प्रत्येक वाक्य तक्रारपेटीत टाकल्यासारखं बोलायचे. त्यांचं म्हणणं असं की वाटणीतही त्यांना ओलीच्या खोल्या आल्या होत्या आणि आता बापाची लुळी बाजू आली. सिस्टरनी शरीर म्हणजे काय, रक्त म्हणजे काय ते समजावलं. थोरल्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पाठीवरचा वेळ कुणाच्या खात्यात धरायचा?

तेवढ्यात डावीकडच्या दारातून धाकटे आले. हे विम्याचे एजंट, गोड बोलणारे, जिभेवर साखर आणि पोटात सुरी. पाठीवरचा वेळ सामायिक धरावा, असं त्यांनी भिंतीला सांगितलं, कारण भावाशी ते बोलत नसत. भिंतीने ते थोरल्यांना कळवलं असावं, कारण थोरल्यांनी छताकडे बघून उत्तर दिलं. सिस्टरना वाटलं, आपण चुकून वेड्यांच्या दवाखान्यात तर आलो नाही ना? पण घरोघरी मातीच्या चुली असतात, या घरात दोन होत्या इतकंच, असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि कामाला लागल्या.

पुढे पुढे तर गंमतच झाली. पाहुणा उजवीकडून आला की थोरली लगबगीने यायची आणि म्हणायची, सिस्टर, आप्पांना जरा इकडे करा, त्यांना आमच्याकडे तोंड केल्याशिवाय झोपच येत नाही. डावीकडून आला की धाकटी तेच म्हणायची. सिस्टर दोघींनाही वाटेला लावायच्या. सासरा आहे, रेडिओ नाही कान पिळून फिरवायला, असं एकदा त्यांनी तोंडावर ऐकवलं. दोन्ही सुनांना राग आला, आणि त्या घरात पहिल्यांदाच दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं.

आप्पा मात्र रडायचे. कूस बदलली की डोळे उघडायचे, समोर जे असेल ते टकामका बघायचे, आणि मग डोळ्यांतून पाणी. थोरली म्हणायची, तिकडून सुटले म्हणून आनंदाने रडतात. धाकटी म्हणायची, तिकडचे हाल आठवतात म्हणून रडतात. सिस्टर म्हणायच्या, या आजारात रडू आवरत नाही कित्येकांना, मनावर घेऊ नका. त्यांनी पुष्कळ पेशंट पाहिले होते, त्यामुळे त्यांना विचारच करावा लागला नाही. कुशीवर कान दाबला जातो म्हणून आप्पांचं ऐकायचं यंत्र त्यांनी काढून खणात ठेवलं होतं, आणि चष्माही तिथेच होता. झोपून राहिलेल्या माणसाला बघायचंय काय आणि ऐकायचंय काय?

राहिली आई. आजी म्हणा ना. सिस्टर तिला आजीच म्हणायच्या. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती हॉस्पिटलात एकदाही जाऊ शकली नव्हती. आप्पा घरी आल्यापासून ती खाटेच्या डोक्याशी, ओलीची भिंत आणि खाट यांच्यामधल्या अरुंद जागेत एका स्टुलावर बसून असायची. तिथून हात लांबवून आप्पांच्या टाळूवर तेल थापायची आणि केस सारखे करायची. बोलणं जवळजवळ नाहीच. रोग्याच्या नातेवाइकाने असंच असावं, असं सिस्टरचं मत झालं.

एकदाच त्यांनी विचारलं होतं की आजी, इतक्या अडचणीत कशाला बसता, इकडे बाजूला खुर्ची टाकते की. आजीने मान हलवली होती. "ज्या बाजूला बसेन, त्या बाजूची होईन मी," ती म्हणाली होती. "इथे बरं. इथे कुणाची हद्द नाही."

सिस्टर यावर हसल्या होत्या.

भिंतीशी एक चाकाची खुर्चीही उभी होती, कोरी करकरीत, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता थोडं थोडं बसवायला हरकत नाही. पण खुर्चीत बसवलं की माणूस खोलीबाहेर जाणार, आणि बाहेर जायचं तर आधी कुठल्या दाराने? हा प्रश्न सुटेना, म्हणून खुर्ची तशीच. सिस्टरनाही फार घाई नव्हती. बसवताना पडला-बिडला तर नाव कुणाचं खराब होणार?

मग एका सकाळी त्यांनी आप्पांचं अंग पुसायला घेतलं, तर उजव्या खुब्यावर लाल चट्टा. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. दाबल्यावर लाली क्षणभर पांढरी पडली तर निभावलं, ही पडेना. डाव्या कोपराची सालटं निघालेली. टाचा घासलेल्या. उशांकडे पाहिलं तर एकही उशी त्यांनी आदल्या संध्याकाळी ठेवली होती तशी नव्हती.

सिस्टर काही बोळ्याने दूध पीत नव्हत्या. सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. त्यांची पाठ फिरली की थोरले येऊन बापाला आपल्याकडे ओढत होते, आणि मग धाकटे येऊन आपल्याकडे. वळवत नव्हते हो, ओढत होते, पोतं ओढावं तसे! माणूस गादीवरून ओढला की वरची कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतलं हाड पुढे जातं. काचतं ते तिथेच. त्यांनी दोन्ही दारांत उभं राहून अशी काही हजेरी घेतली की शेजारच्या घरातली खिडकी उघडली. थोरले म्हणाले, मी फक्त उशी नीट केली. धाकटे म्हणाले, मी तर हातही लावला नाही, फक्त हात धरला.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी चट्टा पाहिला आणि साधं सरळ सांगितलं की रविवारपर्यंत हा उतरला नाही किंवा कातडी फुटली, तर घरी ठेवता येणार नाही, हॉस्पिटलात हलवावं लागेल. आणि या वयात तिथून परत येतील याची हमी आपण देणार नाही. दोन्ही मुलांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि नंतर आपापल्या दारात जाऊन बायकांना सांगितलं की हे सगळं पलीकडच्यांमुळे झालं.

डॉक्टर गेल्यावर सिस्टर उशा लावत होत्या, तर त्यांच्या पदराला मागून ओढ बसली. आजी होती. "नेणार नाहीत ना हो त्यांना?" तिने विचारलं. सिस्टरनी नाही म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आपल्या नावापेक्षा या म्हातारीची जास्त काळजी वाटतेय. हे त्यांना मुळीच आवडलं नाही, कारण असली काळजी करून घेणाऱ्याला हे काम करता येत नाही. त्या रात्रीपासून त्या तिथेच मुक्कामाला राहिल्या. उजवी कूस पूर्ण बंद. थोरल्यांनी त्यावर तीन दिवस जेवण टाकलं, पण ते आपल्या भागात टाकलं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

रविवार उजाडला. चट्टा फिका झाला होता, पण गेला नव्हता. डॉक्टर दुपारी येणार होते. आणि आप्पा सरकत सरकत पायथ्याशी गेले होते. पाय खाटेच्या लोखंडाला टेकलेले, पाठ वाकलेली. त्यांना वर सरकवणं भागच होतं. त्यासाठी अंगाखालच्या आडव्या चादरीला दोन बाजूंनी दोघांनी धरायचं, एका दमात किंचित उचलायचं आणि डोक्याकडे न्यायचं. एरवी सिस्टरना फरशी पुसणारी बाई मदत करायची, ती चांगली ताकदीची. नेमकी ती त्या दिवशी रजेवर. दुष्काळात तेरावा महिना! सुनांना विचारलं तर एकीची कंबर धरलेली, दुसरीची एकीमुळे धरलेली. शेवटी सिस्टरनी दोन्ही मुलांना हाक मारली.

दोघं आले. थोरले उजवीकडे, धाकटे डावीकडे, आपापल्या दाराला पाठ करून. आप्पा मध्ये. सिस्टरनी दाखवलं की चादर अंगालगत गुंडाळून मुठीत धरायची, गुडघे थोडे वाकवायचे, कंबरेतून वाकायचं नाही, आणि तीन म्हटलं की डोक्याकडे न्यायचं. डोक्याकडे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. स्वतः त्यांनी आप्पांचं डोकं हातांवर घेतलं. आजी त्यांच्या मागे स्टुलावर अंग चोरून बसलेली.

आता इथे गोष्ट अशी झाली की थोरल्यांच्या मनात आलं, हा चोर ऐनवेळी आपल्याकडे ओढणार. धाकट्यांच्या मनात आलं, हा हावरट आपल्याकडे ओढणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आणि दोघांनीही खबरदारी म्हणून, निव्वळ खबरदारी म्हणून, तीन म्हणताच चादर आपापल्या बाजूला ओढली.

जुनी, धुऊन धुऊन विरलेली चादर ती. टर्रकन फाटली. अगदी मधोमध, आप्पांनी टेप लावून फाडली असती तशी. दोन्ही मुलं हातात आपापला अर्धा तुकडा घेऊन मागे आपटली, एक दाराच्या चौकटीवर, एक औषधांच्या टेबलावर. आप्पा हेलकावले आणि डावीकडे कलंडले. सिस्टरनी झेप घालून त्यांना छातीशी धरलं म्हणून खाटेवर राहिले. आप्पांच्या घशातून एक आवाज निघाला. आजाऱ्याचं कण्हणं नव्हतं ते. भ्यालेल्या माणसाचा आवाज होता, आणि आपला बाप भ्यालेला त्या दोघांनी जन्मात पाहिला नव्हता.

थोरल्यांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग पलीकडे पाहिलं. धाकटेही पाहत होते. कित्येक वर्षांत भिंत किंवा छत मध्ये न घेता त्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते असं, फाटकी चादर हातात धरून. दोघांनाही लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

सिस्टरचा मात्र पारा चढला होता. आता चादर बदलायची तर आप्पांना खाटेवरून उठवणं आलं. त्यांनी खुर्चीचं प्लास्टिक नखांनी टराटरा फाडलं, आप्पांच्या चांगल्या हाताच्या बाजूला खाटेला लावून खुर्ची उभी केली, ब्रेक लावले. आप्पांना कडेला बसवून पाय जमिनीवर टेकवले, लुळा हात झोळीत घातला, कंबरेला रुंद पट्टा बांधला. त्या समोर उभ्या राहिल्या आणि आप्पांच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा लावला. मुलांना त्यांनी पट्टा दोन बाजूंनी धरायला लावला. ओढायचं नाही, वर उचलायचं, एवढंच बोलल्या. पण असं बोलल्या की कारखान्याचा सुपरवायझर आणि विम्याचा एजंट दोघंही शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिले.

एक, दोन, तीन. आणि आप्पा उठले. एक क्षणभर ते आपल्या पायांवर उभे होते, दोन्ही मुलांच्या मध्ये, आणि मग वळून अलगद खुर्चीत बसले. कुठे घासलं नाही, कुठे लागलं नाही. सिस्टरनी पाठीशी उशी दिली, पाय खुर्चीच्या पायपट्ट्यांवर ठेवले, बिछाना आवरायला घेतला. आणि तेवढ्यात थोरल्यांनी घसा खाकरून विचारलं की खुर्चीचं तोंड आता कुणीकडे ठेवणार?

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा! सिस्टरनी हातातली उशी खाटेवर आपटली. उजवीकडे नको, डावीकडे नको, ओलीच्या भिंतीकडे तोंड करून ठेवते, म्हणाल्या, भिंत तरी भांडणार नाही. ब्रेक काढले, खुर्ची गर्रकन फिरवली आणि थेट खाटेच्या डोक्याकडे नेऊन उभी केली.

तिथे आजी बसली होती.

आप्पा बघत राहिले. चष्मा नव्हता, पण ती इतकी जवळ होती की चष्मा लागला नसता. त्यांचा चांगला हात हळूहळू वर आला. त्यांनी आजीच्या कपाळाला हात लावला, मग गालाला, मग हनुवटीला. मोजणीदार हद्दीची खूण चाचपून बघतो तसा. पुन्हा कपाळाला.

"अहो," आजी म्हणाली, "मी आहे हो. गेले नाही कुठे. तुमच्या डोक्याशीच तर बसून होते."

ऐकायचं यंत्र खणात होतं. आप्पांना ते ऐकू आलं नाही. पण त्यांना ऐकायचं नव्हतंच काही. ते रडत होते, आणि या वेळी अर्ध्या तोंडाने हसतही होते.

सिस्टर उशी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आप्पा पडले त्या सकाळनंतर त्यांनी बायकोला पाहिलंच नव्हतं. हॉस्पिटलात ती नव्हती. घरी आले तर ती दिसत नव्हती. टाळूवर तेल थापणारा हात त्यांना कुठल्या तरी सुनेचा वाटला असेल. प्रत्येक वेळी कूस बदलली की डोळे उघडून ते या बाजूला शोधायचे, मग त्या बाजूला शोधायचे, आणि कुठेच नाही. म्हणजे गेली. आपल्याला सांगत नाहीत इतकंच. असं मनात धरून तो माणूस रोज रडत होता, दोन्ही घरं त्या रडण्याची वाटणी करत होती, आणि पुष्कळ पेशंट पाहिलेली सिस्टर त्याच्या गुडघ्यांमध्ये उशी नीट बसली की नाही ते बघत होती. सिस्टरना स्वतःच्याच मुस्काटात एक ठेवून द्यावीशी वाटली. त्या खणाकडे गेल्या, यंत्र काढलं, आप्पांच्या कानात बसवलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि मग कारण नसताना खाटेखाली वाकून काहीतरी शोधत बसल्या.

दुपारी डॉक्टर आले, त्यांनी चट्टा दाबून पाहिला. बोटाखाली तो पांढरा पडला. उतरतोय, म्हणाले. रोज थोडं बसवा, कूस सांभाळा, हॉस्पिटलाचं आता बोलायला नको.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण डॉक्टरांची पाठ वळली आणि धाकटे आईजवळ आले. गोड आवाजात म्हणाले, आई, इथे ओलीत बसू नकोस, तुझं स्टूल जरा आमच्या दाराशी घेतो, आप्पांना तुझं तोंडही दिसेल. थोरले लगेच म्हणाले, आमच्या दाराशी उजेड जास्त आहे. बोलता बोलता एकाने स्टुलाला इकडून हात घातला आणि दुसऱ्याने तिकडून. आजी स्टुलावरच बसलेली.

तिने दोघांच्या हातांकडे पाहिलं. मग बऱ्याच वर्षांत काढला नव्हता तो आवाज काढला. मोठा नव्हता, पण दोन्ही दारांतल्या सुनांना नीट ऐकू गेला.

"मला हलवायचंय? हलवा. पण ओढायचं नाही, उचलायचं. आणि माणूस उचलायला दोघं लागतात. एका वेळी, एकाच दिशेला. जमणार असेल तर आकडे मोजा."

दोघांनी हात काढले. कुणीच मोजायला सुरुवात केली नाही. आप्पांनी यंत्र लावलेला कान जरा पुढे केला आणि आपल्या चांगल्या हाताने आजीचं स्टूल आपल्या खुर्चीकडे ओढायला घेतलं. ते त्यांना एकट्याने हलेना, तेव्हा सिस्टरनी वाकून दुसऱ्या बाजूने हात लावला.